डोक्यावर उभं केलेलं कपाट

आसेगावच्या इंद्रभान पाटलांच्या बर्फाच्या कपाटाने बर्फ करणं सोडलं, आणि बोलावणं आलं ते गोपीचंदला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत.

गोपीचंद तांड्यावरचा. शेलूबाजारच्या बाजारात पोतं अंथरून तो स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करी. त्याआधी अकोल्याला जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्यावर होता, आणि तिथलं रॉकेलवर चालणारं असंच कपाट त्याच्याच हाताखाली होतं. खाली ज्योत जळते आणि वर बर्फ होतो, याचं गावाला नवल वाटे. त्याला नव्हतं.

बोलावण्याने त्याला आनंद झाला, पण तो आनंद काही चांगला नव्हता. दोन उन्हाळ्यांमागे त्याची बायको हिरीबाई तापाने फणफणली होती. डॉक्टरने डोक्यावर बर्फ ठेवायला सांगितला, म्हणून तो भर दुपारी याच दारात येऊन उभा राहिला होता. ओसरीवर पाहुणे सरबत पीत होते, पेल्यांत बर्फ वाजत होता. पाटील म्हणाले, "तांड्यावर कायले पाह्यजे बर्फ? नदीवर ने तिले."

हिरीबाई जगली, पण ताप तिचे दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून गोपीचंदने डूख धरला होता.

आता पाटलांची मुलगी विजयमाला हिला पाहायला परवा अमरावतीची मंडळी येणार होती. थंडगार सरबताची बढाई पत्रातच मारून झाली होती, आणि आठ दिवस झाले, कपाटातलं पाणी पाणीच राहत होतं.

गोपीचंदने वात कातरली, ज्योत निळी केली, धुराड्यातली काजळी झाडली. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, रबर घट्ट होतं. मग पाण्याची परात कपाटावर ठेवली, तर पाणी अंगणाकडच्या काठाला गोळा झालं. दुखणं सापडलं. कपाट आधी माजघरात असे. आल्याआल्या पाहुण्यांच्या नजरेत भरावं म्हणून पाटलांनी ते आठ दिवसांपूर्वी ओसरीवर आणलं, आणि ओसरीला उतार असतोच. कपाट तिरपं झालं की आतला वायू फिरत नाही. पुढच्या पायांखाली फरशीचे दोन तुकडे सारले की काम फत्ते.

त्याने परात पुसली आणि तोंड गंभीर केलं. वायू बसलाय म्हणाला, कपाट तीन दिवस डोक्यावर उभं करावं लागेल. इलाज खोटा नव्हता. कपाट अगदीच हटून बसलं तर साहेबही तेच करी. इथे त्याची गरज नव्हती, एवढंच. सरबत हुकलं तरी कपाट कायमचं जाऊ नये म्हणून पाटील कबूल झाले. चार गड्यांनी कपाट उलटं केलं, आणि पाटलांनी स्वतः हात लावला.

अमरावतीची मंडळी आली तेव्हा ओसरीवर कपाट पाय वर करून उभं होतं. मुलाच्या बापाने त्याला दोन चकरा मारल्या आणि विचारलं, तुमच्याकडे सगळ्याच वस्तू अशा ठेवतात का. पाहुणे हसले, पाटलांचे गडी हसले, पडद्याआडच्या बायकाही हसल्या. मुलगी पसंत पडली, पण पाटलांना 'उलटे पाटील' हे नाव पडलं ते पडलंच.

ठरल्या दिवशी गोपीचंदने कपाट सरळ केलं, पायांखाली फरशीचे तुकडे सारले, आणि दुसऱ्या दिवशी ते पेटवलं. पुढल्या सकाळी बर्फ तयार. पाटील काही दुधखुळे नव्हते. त्यांनी वाकून ते तुकडे पाहिले.

"एवढंच होतं तं त्याच दिवशी काहून नाही बोलला?"

"तवा इलाज माह्यापाशी होता, मालक," गोपीचंद म्हणाला. "त्या उन्हाळ्यात बर्फ तुमच्यापाशी होता."

पाटलांची मान खाली गेली. ती तशी पाहायला गोपीचंद दोन वर्षं थांबला होता. त्याने डोळे भरून पाहिली आणि वाटेला लागला.

संध्याकाळी तांड्यावर माणसं जमली. त्याने घागर उलटी ठेवून कपाट दाखवलं, चालून दाखवून व्याही दाखवला, मान पाडून पाटील दाखवला. लोक पोट धरधरून हसले. त्याच्या जिवाचं सोनं झालं.

हिरीबाई पाणी घेऊन आली तेव्हा हसणं ऐन भरात होतं. काही जणांनी वळून तिच्याकडे पाहिलं, कारण गोष्ट तिचीच होती. तिने एकेकाचं हलणारं तोंड पाहिलं, नवऱ्याचंही पाहिलं. मग हंडा तिथेच ठेवून तिने पदर तोंडावर ओढला आणि ती झोपडीत निघून गेली. आपल्या बहिरेपणालाच सगळे हसताहेत, असं तिला वाटलं होतं.

गोपीचंद मागोमाग धावला. दाराशी उभा राहून त्याने तिला तीनदा हाक मारली.