सरळ ओळीतला नंबर

मुलीकडे परदेशी कायमचे राहायला जायचे ठरले, तेव्हा सरांनी घरातल्या वस्तूंचा निकाल एखाद्या यंत्राचे सुटे भाग मांडावेत तसा पद्धतशीर लावला. कपाट पुतण्याकडे, शिलाई मशीन शेजारच्या वहिनींकडे, पुस्तके तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयाकडे. सगळे सुरळीत पार पडले आणि गाडीपाशी घोडे अडले.

सर म्हणजे तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत हयात घालवून निवृत्त झालेले निदेशक. केसाएवढाही फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून मुले त्यांना पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. हे कानावर आले तेव्हा त्यांना राग येण्याऐवजी मनातून बरेच वाटले होते. गाडी जुनी होती, पण तिच्यातला एकही स्क्रू बेवारशी नव्हता. प्रत्येक नटावर सरांचा पाना फिरलेला होता.

“बाबा, इथे सगळ्या प्रकारच्या गाड्या मिळतात,” लेक फोनवर म्हणाली. “ती जहाजात चढवायची, उतरवायची, पुन्हा इथल्या तपासण्या. कशाला हा द्राविडी प्राणायाम?”

“आणि मी आहे की ड्रायव्हर,” मागून जावई म्हणाला. “कुठे जायचं ते सांगायचं, मागे आरामात बसायचं.”

जावई मनाचा मोकळा. तो प्रेमानेच बोलला होता, आणि सरांना खुपले ते नेमके तेच. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर गाठोड्यासारखे बसून राहायचे. पण असे काही तोंडाने म्हणता येते थोडेच?

“तसं नाही,” सर म्हणाले. “तुझ्या आईला दुसऱ्या गाडीत मळमळतं.”

काकू, म्हणजे सरांची बायको, तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी मान वर केली. “मला कशाला मध्ये घेता? मला तर खटारा बसमध्येसुद्धा गाढ झोप लागते.”

सर हसले नाहीत. त्यांनी गाडी न्यायचे पक्के केले.

नियम साधा होता. गाडी स्वतःच्या वापरातली हवी आणि चासीवर ठोकलेला नंबर कागदपत्रांशी जुळायला हवा. ही पाहणी सामान पाठवणाऱ्या कंपनीची तपासनीस करत असे, आणि ती होई मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये. कारण गाडीखाली उभे राहून पाहता येईल असा खड्डा तिथेच होता. कंपनीच्या या कामावर मिस्त्रीचे गॅरेज अर्धेअधिक तरले होते. मिस्त्री सरांचाच विद्यार्थी. केस पिकले होते, तरी सर आले की हातातली विडी पाठीमागे लपवायचा.

पाहणीच्या दिवशी सर नवी नवरी निघावी तशी गाडी सजवून घेऊन गेले. सोबत काकू होत्या. तपासनीस बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खालून गाडी पाहिली, बॉनेट उघडले, इंजिनामागच्या, नंबर ठोकलेल्या पत्र्यावर विजेरीचा झोत टाकला आणि तिथेच थांबल्या. बोटाने नंबरावरून दोनदा चाचपून पाहिले.

सरांची छाती फुगली. या नंबराची त्यांना विशेष माया होती. काही वर्षांपूर्वी तो पत्रा गंजाने खाल्ला होता. सरांनी तेवढा तुकडा कापून नवा बसवला, कानशीने सांधा असा मिळवला की नखालाही लागू नये, आणि नंबर पुन्हा ठोकून काढला. कारखान्यातला मूळ नंबर तिरपा होता, अक्षरांतले अंतर कमीजास्त होते. सरांनी काटकोनी गुण्या लावून रेघ आखली आणि आकड्यांचा एकेक पंच त्या रेघेवर उभा करून हातोडीचा एकेकच ठोका दिला. काम संपल्यावर तो नंबर छापल्यासारखा दिसत होता. परवानगी घ्यावी, कुठे नोंद करावी, हे त्यांच्या मनातही आले नव्हते. दुरुस्ती चोख झाली म्हणजे विषय संपला, हा त्यांचा जन्माचा हिशेब.

“हा नंबर कारखान्यातला नाही,” बाई म्हणाल्या. “इतक्या सरळ ओळीत कारखाना ठोकत नाही. पत्राही तेवढाच नवा दिसतोय. चोरीच्या गाड्यांवर असं काम असतं. कुणी केलं हे?”

‘चोरी’ हा शब्द गॅरेजभर ऐकू गेला. गॅरेजमधले कारागीर हातातले काम थांबवून पाहू लागले. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उत्तर त्यांच्या तोंडून निघाले तेव्हा ते आपणच देत आहोत हे त्यांना उशिरा कळले.

“माझी गाडी पहिल्यापासून इथेच येते. मोठी कामं इथल्याच खड्ड्यावर होतात.”

बाईंनी मिस्त्रीकडे वळून पाहिले. मिस्त्रीने सरांकडे पाहिले, मग हातातल्या फडक्याकडे.

“हो,” तो म्हणाला. “माझ्याकडेच झालं असेल.”

“मग कंपनीला कळवावं लागेल,” बाई म्हणाल्या. “जिथे नंबर बदलले जातात तिथे आम्ही गाड्या कशा तपासायच्या?”

घरी येताना सरांनी नियमांच्या जाचाविषयी बरेच काही सांगितले. काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या. घराचे कुलूप काढून आत शिरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, “नंबर ठोकलात त्या दुपारी विजेरी मी धरली होती. एकेक आकडा मीच वाचून दाखवत होते. माझंही नाव सांगून टाकायचं होतंत की, मला सवय आहे.”

“अगं, मी त्याचं नाव कुठे घेतलं? मी फक्त एवढंच म्हटलं, की गाडी तिथे—”

“अहो, पुरे.”

सर हातपाय धुऊन आले. जेवायला बसले, पण घास तोंडात फिरू लागला. आपण खोटे बोललो नाही, वाक्य तपासले तर शब्दन् शब्द खरा आहे, असे त्यांनी स्वतःला बजावून पाहिले. पण वाक्याचा जोड इतका सफाईने मिळवलेला होता, की त्याचीच त्यांना शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ते त्याच गाडीने कंपनीच्या कार्यालयात गेले. सोबत आलेल्या काकू गाडीतच थांबल्या. तपासनीस बाईंच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “तो नंबर मी ठोकलाय. मिस्त्रीचा संबंध नाही.”

बाईंनी त्यांना बसायला सांगितले. “आजोबा, तुम्ही त्यांना वाचवायला बघताय हे कळतंय मला. काल तर वेगळंच बोललात.”

खरे बोलल्यावरही कुणी विश्वास ठेवू नये, हा अनुभव सरांना नवा होता. त्यांनी पत्र्याची जाडी सांगितली, सांध्याची पद्धत सांगितली. बाई अदबीने ऐकत होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्या माणसाविषयीची दया होती, आणि ती संशयापेक्षा जड होती.

“माझ्यासोबत चला,” शेवटी सर म्हणाले. “तुमच्यासमोर ठोकून दाखवतो.”

तर अशी वरात मिस्त्रीच्या दारात आली.  मिस्त्रीने पत्र्याचा एक भंगार तुकडा ऐरणीवर ठेवला, पंचांची पेटी आणून दिली आणि बाजूला झाला. सरांनी चष्मा पुसला, गुण्या लावून रेघ आखली. क्षणभर त्यांना वाटले, हात चुकला तर? काम बिघडले तर? मग तो नंबर आपणच ठोकला, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. तो विचार आला याचीही त्यांना लाज वाटली. त्यांनी पहिला पंच रेघेवर उभा केला आणि ठोका दिला. मग दुसरा. हात जराही चुकला नाही. उभ्या जन्मात एखादे काम बिघडावे असे त्यांना कधी वाटले नव्हते; आज वाटले, आणि ते बिघडले नाही.

बाईंनी तो तुकडा गाडीतल्या नंबराशेजारी धरला. तेच अंतर, तीच खोली, तीच सरळ ओळ. कारागीर पाहत होते. एकजण पुटपुटला, “काय हात आहे.” सरांना ती स्तुती चपराकीसारखी लागली.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “गॅरेजविषयी मी काही कळवत नाही. पण ही गाडी जहाजावर चढणार नाही. इथल्या नोंदणी कार्यालयात हा नंबर खरा ठरेपर्यंत तुम्हाला ती विकताही येणार नाही.”

त्या गेल्या. कारागीर आपापल्या कामाला लागले. काकू दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. सर मिस्त्रीजवळ गेले.

“तू काल हो का म्हणालास?”

मिस्त्री पंच पुसून पेटीत ठेवत होता. “तुम्ही म्हणालात म्हणून.”

“पण तू केलं नव्हतंस.”

“वर्कशॉपमध्ये पण असंच व्हायचं की सर. काही तुटलं की तुम्ही आमच्याकडे बघायचात. कुणीतरी हो म्हटल्याशिवाय तास पुढे सरकायचा नाही. मग मीच म्हणायचो. सवय लागली.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळे सरांना त्याच्याशी भांडताही येईना.

तसे काही नव्हते, असे त्यांना म्हणायचे होते. इतक्या वर्षांत, इतक्या मुलांसमोर, ‘हे माझ्या हातून झालं’ असे आपण कधी म्हटल्याचा एखादा प्रसंग ते आठवू लागले. शोधत राहिले. ऐरणीवरचा तो तुकडा त्यांनी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

“गाडीचं काय करायचं सर?”

“नोंदणी कार्यालयात जातो. जे केलं ते सांगतो.”

“एका खिडकीवर नाही भागायचं. साहेब, बाबू, पोलीस, सगळे तेच विचारतील. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागेल. निघायची तारीख पुढे जाईल तुमची.”

सरांनी काकूंकडे पाहिले. काकू एवढेच म्हणाल्या, “मुलीला तुम्हीच कळवा. कारणासकट.”

“कळवतो,” सर म्हणाले.

मिस्त्रीने बॉनेट खाली घेऊन हलकेच दाबून बंद केले. मग फडक्याला हात पुसत, खाली पाहतच म्हणाला, “आणि सर, त्या कार्यालयात माझी रोजची कामं असतात. तेवढं तिथे माझं नाव मात्र घेऊ नका.”

“नाही घेणार,” सर म्हणाले. मिस्त्रीने मान डोलावली. पण त्याचा विश्वास बसला की नाही, हे त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही, आणि विचारण्याचा धीर झाला नाही.