उजवा हात

ज्या वर्षी मिंतोनियाचं लग्न तिच्या भावाच्या, बोरेच्या मर्तिकामुळे पुढे गेलं, त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. तिचा बाप, बाकीस चाकूवाला, मुठीसाठी मेंढ्याचं शिंग निखाऱ्यावर धरून सरळ करत होता. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ अंतिन अंगणातून आत आला. पहाटे मारलेलं रानडुक्कर त्याने बाहेर ओकच्या फांदीला टांगलं होतं. कोपरापर्यंत त्याचे हात रक्ताने माखले होते.

“रविवारी मी जातो,” अंतिन म्हणाला. “पेद्रू मुर्रू सकाळी झऱ्यावर असतो.”

“बोरेला त्यानंच मारलं, हे कुणी सांगितलं तुला?”

“झऱ्याच्या पाण्यावरून दोघांची हाणामारी झाली होती, अख्ख्या गावानं बघितली. चाळीस दिवस तुझं ऐकलं, दादा. मला थांबवायचं असेल तर दुसरं नाव दे.”

बाकीसने शिंग फडक्यात गुंडाळून शेगड्याच्या पकडीत आवळलं. पोराचं प्रेत त्यानेच धुतलं होतं. पोटात तीन वार होते, आतडी बाहेर आलेली. चौथा छातीच्या हाडावर, उथळ. आमच्याकडच्या घडीच्या चाकूला पातं अडकवून धरणारी खिटी नसते. तो जोराने हाडावर बसला, की पातं उलटं मिटतं आणि धरणाऱ्याचीच चार बोटं कापतं. तेव्हापासून बाकीस चर्चमध्ये आणि गुत्त्यावर माणसांच्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. मुर्रू डोंगरावरच्या मेंढवाड्यातून गावात उतरत नव्हता. त्याचा हात काही बघायला मिळाला नव्हता.

मिंतोनियाशी लग्न ठरलेला एलिआस दारात उभा राहिला तेव्हा अंतिनच आधी बोलला.

“या जावईबापू! कालच आलात ना सपाटीवरून? शिकारीत डुक्कर अंगावर आलं तर यंदाही झाडावर चढणार?”

“काका, तुम्ही आधीच सगळ्यात जाड फांदी धरता. आम्हाला जागा कुठं उरते?”

अंतिन हसला, त्याच्या खांद्यावर रक्ताळलेला हात थोपटून निघून गेला. एलिआसने काखेतला चीजचा गोळा ऐरणीवर ठेवला. तो आणि बोरे यांनी मेंढरं भागीत घेतली होती. मर्तिक उरकताच तो कळप घेऊन डोंगराखालच्या सपाटीवर चारायला गेला होता.

“शिकारीसाठी एक चाकू हवाय, मामा.”

“मी दिला होता तो?”

“झाडीत कुठंतरी पडला.”

बाकीसने फळीवर तीन चाकू उघडून ठेवले. एक लांब, निमुळता. एक आखूड आणि रुंद. तिसऱ्याचं पातं मेंदीच्या पानासारखं, मधे पोट असलेलं.

“हा निमुळता छान आहे,” एलिआस म्हणाला.

“दिसायला. कातडं सोलायला पोट लागतं, नाहीतर टोक आतडी फाडतं आणि मांस घाण होतं. हात दे. मूठ तळव्यापेक्षा बोटभर लांब पाहिजे.”

एलिआसने डावा हात पुढे केला.

“ज्यानं मारतोस तो.”

उजवा हात खिशातून सावकाश बाहेर आला. बाकीसने मूठ त्याच्या तळव्यावर आडवी ठेवली. चारही बोटांच्या आतल्या बाजूला, एका रेषेत, गुलाबी नवी कातडी होती. करंगळी पुरती सरळ होत नव्हती.

“कुंपणाची तार लागली,” एलिआस म्हणाला.

“लागते.” बाकीसने मूठ उचलून घेतली. “चल. डुकरात घालून बघ.”

अंगणात डुक्कर डोकं खाली करून लटकत होतं. नाकातून अजून थेंब पडत होते. एलिआसने पानासारखा चाकू मांडीत खुपसला आणि सहज हातभर कातडं सोललं.

“चांगला चालतो.”

“आता छातीत मार. जखमी डुक्कर अंगावर येतं तेव्हा मारशील तसं. जीव खाऊन.”

एलिआसचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. बोटं मुठीवर चुळबुळली. त्याने हात खाली घेतला.

“मेलेल्याला कशाला मारायचं, मामा?”

बाकीसने चाकू त्याच्या हातातून काढून घेतला. एलिआसकडे बघतच त्याने जनावराच्या छातीच्या हाडावर सगळ्या अंगाचा भार टाकून वार केला. कट्कन आवाज झाला. पातं मागे फिरून त्याच्या चारही बोटांत रुतलं. त्याने लगेच मूठ सोडली नाही. मनगटावरून रक्त ओघळून चपलेत गेलं. एलिआस मागे सरकत भिंतीला टेकला.

आवाज ऐकून मिंतोनिया स्वयंपाकघरातून आली. बापाचा हात बघितला आणि न ओरडता आत जाऊन पाणी आणि चिंध्या घेऊन आली. तिने आधी एकेक बोट वेगळं गुंडाळलं. करंगळीला आतून लाकडाची चपटी काडी लावली. मग चारही बोटं एकत्र, सुजेला जागा ठेवून, सैल बांधली. कसं लागलं, हे तिने विचारलं नाही. एलिआसकडे एकदाही बघितलं नाही.

बाकीस तिच्या हातांकडे बघत राहिला.

“याआधी कुणाचं बांधलंस?”

मिंतोनियाने गाठ दातांनी आवळली.

“आबा,” ती म्हणाली, “रविवारी काकांना जाऊ द्या.”

एलिआस केव्हा निघून गेला ते कुणी बघितलं नाही. बाकीस डुकराशेजारी ओंडक्यावर बसून राहिला. दिवेलागणीला अंतिन मांस तोडायला आला. चिंध्यांतून रक्त झिरपलेला हात त्याने बघितला.

“काय झालं?”

“चाकू मिटला.”

“तुझ्या हातात? म्हातारा झालास, दादा.” अंतिनने कुऱ्हाडीने डुकराचा मागचा पाय वेगळा केला. “मग? नाव आहे का?”

मिंतोनिया दारात परात घेऊन उभी होती.

“नाही,” बाकीस म्हणाला.

पेद्रू मुर्रू रविवारी, सतरा नोव्हेंबरला, झऱ्यावर मेंढरांना पाणी पाजत असताना दोन गोळ्या लागून पडला, आणि तासाभराने, बायको पोचायच्या आधी, मेला. त्याचं वय एकतीस होतं.