मयताची प्रार्थना

मलाक मठातून परत आला, त्या दिवसापासून त्याच्या आईने, इस्तिरने, गल्लीत मान वर केली नव्हती. संन्यासी करून मठाचा काळा झगा देताना त्याला पडद्याखाली निजवून त्याच्यावर मयताची प्रार्थना म्हटली होती. जगाला मेला, देवाचा झाला. बस भरून अख्खा गाव गेला होता तेव्हा. आणि आता तो झगा तिथेच ठेवून हा मळक्या शर्टात घरी. भानगड काही नव्हती हो, थकला होता पोरगा, एवढंच. पण सांगायचं कोणाला?

इकडे इजिप्तमध्ये, आमच्या मिनिया भागात, बोलायला पैसे पडत नाहीत. इस्तिर तामिया, म्हणजे डाळीचे वडे, आणायला गेली की वडेवाला विचारायचा, मढ्याला भूक लागते का म्हणून, आणि रांगेतल्या बायका ओढणीआड हसायच्या. शेवटी तिने वडे आणणंच सोडलं.

मलाक भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. आल्यापासून त्याने प्रार्थनेचा एक शब्द काढला नव्हता. रविवारी दुपारच्या गाडीने कैरोला जातो म्हणाला, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि चर्चचं नावही आता नको. इस्तिरच्या मनात आलं, मठ सुटला तो सुटला, आता देवही सोडायला निघाला हा.

"जा," ती म्हणाली. "पण सकाळी एकदा माझ्याबरोबर चर्चला ये."

"लोक थुंकतील, आई."

"माझ्यावर थुंकतातच की. त्यांच्याशी भांडायचं त्राण नाही रे माझ्यात. मी आपली वर बघत बसते. दया आली तर तिथूनच येणार, या गल्लीतून थोडीच येणार आहे?"

तो आला. पुरुषांच्या बाजूला, अगदी दाराशी उभा राहिला. एकमेकांच्या हाताला हात लावून शांती देण्याची वेळ झाली, तेव्हा सगळे शेजाऱ्यांकडे वळले, त्याच्याकडे कोणीच नाही. पुढे केलेला हात त्याने खिशात घातला आणि दाराकडे पाहिलं.

बायकांच्या बाजूला इस्तिरच्या शेजारी गल्लीतलीच राऊफची आई होती. तिनेही हात दिला नाही. उलट चारजणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "मयताची प्रार्थना झालीय त्याच्यावर. मेलेल्याने मेलेलंच राहावं."

इस्तिरला रागही आला नाही. रागवायला लागतं तेवढं बळ तरी कुठून आणायचं? फक्त हळू बोलायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"झालीय ना, राऊफच्या आई. तेव्हाही तू माझ्या शेजारीच तर होतीस. 'प्रभू, याच्यावर दया कर' म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज तुझा. आता प्रभूने खरंच दया केली असेल, तर तुझ्या का पोटात दुखतं?"

चर्चमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वेदीपाशी पाद्रीबाबांनी पुढची ओळ गायली. आता सगळ्यांनी 'प्रभू, दया कर' म्हणायचं होतं, पण कोणाच्या तोंडून शब्द फुटेना.

मग दाराकडून एकट्याचा आवाज आला, घोगरा, मध्येच अडकणारा. "प्रभू, दया कर."

दुसऱ्या खेपेला पुरुष त्याच्यात मिसळले, बायका मिसळल्या, नाइलाजाने राऊफची आईसुद्धा. एकट्या इस्तिरला तेवढं ते म्हणता आलं नाही. ती मटकन खाली बसली आणि तिला रडू फुटलं.