योगिनीच्या हातातली दोरी

मी एक जुनी सुती साडी आहे. वांग्याच्या रंगाची, पिवळ्या काठांची. मित्रांनो, आज मला पाहाल तर तुम्ही मला साडी म्हणणार नाही. रंग विटला आहे, काठ उसवले आहेत आणि मधोमध भलंमोठं ठिगळ आहे. तरीही मी अजून कामात आहे. माझी झोळी करून घराच्या आढ्याला टांगली आहे आणि माझ्यात प्राची नावाची तान्ही मुलगी झोपली आहे.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. धाड गावच्या आठवडी बाजारातून इंद्रभानने मला त्याच्या बायकोसाठी, रुख्मिणीसाठी, घेतलं. तिने मला लग्नाकार्यांत मिरवलं. "कुठून घेतली वो?" असं बायका विचारत, तेव्हा मला कोण आनंद होई! पुढे काठ फिके पडले, तशी मी मिरचीच्या तोड्याला शेतात जाऊ लागले. मग रुख्मिणीला मुलगा झाला, प्रेम, आणि माझी झोळी झाली.

झोका द्यायचं काम थोरल्या मुलीकडे, योगिनीकडे, आलं. आईबाप सकाळीच भाजीच्या मळ्यात जात. घरी ही दोघं भावंडंच असत. योगिनीला सहावं लागलं. तिच्या बरोबरीची पोरं दप्तरं घेऊन दारावरून जाऊ लागली, तेव्हा ती झोळीची दोरी ओढत उंबऱ्यापर्यंत सरकायची. दोरी पुरेल तेवढंच तिला जाता येई.

गावच्या शाळेतल्या रेवती मॅडमनी तिला रोज तिथे पाहिलं. एका संध्याकाळी त्या घरी आल्या.

"योगिनीचं नाव शाळेत घातलं नाही अजून?"

रुख्मिणी ओशाळली. "पाठवतो न, मॅडम. पन ह्या लेकराले कोन पाह्यन? पुढच्या वर्षी पक्कं पाठवतो."

"मग त्यालाही घेऊन येऊ दे. झोळी शाळेच्या ओसरीत बांधू. वडील सवडीने येऊन नाव घालतील."

अशी मी शाळेत गेले, मित्रांनो! ओसरीच्या खांबाला आणि खिडकीच्या गजाला मला बांधलं. योगिनी खिडकीशी बसायची आणि गजांतून हात घालून झोका द्यायची. बाकीची पोरं ओरडून पाढे म्हणत. ही मात्र प्रेम उठू नये म्हणून ओठांतल्या ओठांत म्हणायची. घरी जाताना मला खांद्यावर टाकून सगळे पाढे पुन्हा मोठ्याने म्हणायची. इतकी हसरी योगिनी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

एके दिवशी मॅडमनी तिला फळ्यावर बोलावलं. "लिही बरं तुझं नाव." तिने खडू धरला. 'यो' लिहिलं. 'गि' लिहिलं. तेवढ्यात प्रेम जागा झाला आणि माझ्या काठाला धरून बाहेर लोंबकळला. त्याला सावरायला मला हात कुठून असणार? तो फरशीवर पडला. भुवईवर खोक पडली. खडू टाकून योगिनी धावत आली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. तिचा फ्रॉक रक्ताने भरला.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. "चूक माझी आहे. तिला शिक्षा करू नका," असं त्यांनी विनवलं.

इंद्रभान रागावला नाही. खाली बघूनच म्हणाला, "तुमी चांगल्या हा, मॅडम. पन पोराचा डोया गेला असता त? बास झाली शाळा."

नाव घालायचं राहूनच गेलं. मॅडम पुन्हा पुन्हा आल्या. मग त्यांची बदली झाली. प्रेम चालू लागला, तोवर घरातली चूल आणि पाणी योगिनीच्याच अंगावर आलं होतं. पुढे प्राची झाली. पेटीतून मला पुन्हा बाहेर काढलं.

आता प्रेम पहिलीत आहे. त्याचा शर्ट योगिनीच धुते, डबाही तीच भरते. परवा तो दारात बसून मोठ्याने वाचत होता. ती झोका देत वाकली आणि पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिहेल हाय रे?"

"तुले सांगून काय उपेग? तुले कुठं वाचता येते!" असं म्हणून तो हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. योगिनीही हसली. पण माझा झोका थांबला.

रुख्मिणी मेथी निवडत होती. ती जुडी टाकून उठली. "दे ती दोरी माह्याजवळ. उद्या मी सोता येतो तुह्यासंगं शाळेत."

योगिनीने मान वर केली नाही. "राहू दे वो, माय. आता मले लाज वाटते."

आणि तिने पुन्हा झोका दिला. रुख्मिणी हात पुढे करून तशीच उभी राहिली.

मित्रांनो, अकरा वर्षांच्या मुलीला शिकायची लाज वाटावी, यासारखं दुःख मी दुसरं पाहिलं नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी मुलगी असेल. शाळेत जाताना तिच्या दारात थांबा, तिला हाक मारा, तिला हसू नका. आणि घरातल्या मोठ्या माणसांनो, मी फार विरले आहे. मला फाडून पोतेरं केलंत तरी माझी तक्रार नाही. पण त्या पोरीच्या हातातली दोरी तेवढी कुणीतरी घ्या.