फुटकी ठरवलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. माझ्या टोकाला भाजलेल्या मातीचा छोटा पेला आहे. वरून हातपंपाने हवा ओढली, की मुळांखालचे पाणी त्या पेल्यातून झिरपून माझ्या पोटात येते. जमिनीत जे असेल ते मी दाखवते. पदरचे काही घालत नाही.

हिंगण्यापलीकडे केशवच्या संत्र्याच्या बागेत मिनलने मला माणूसभर खोल गाडले. मिनल नागपूरला कॉलेजात संशोधन करायची. खतातले नायट्रेट मातीतून विहिरीपर्यंत कधी पोहोचेल, याचे तिने संगणकावर मॉडेल बांधले होते. मॉडेल म्हणे, दहा वर्षे लागतील. मला तिने साक्षीदार म्हणून आणले होते, आणि पहिल्या वर्षी मी होला हो म्हटले. तेव्हा ती मला पदराने पुसायची. कौतुक कोणाला आवडत नाही?

पुढच्या हिवाळ्यात केशवने बागेला ताण दिला. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुले धरायची, तर आधी झाडांचे पाणी तोडतात. काळी माती इतकी तडकली, की भेगेत अख्खा हात जावा. मिनल त्या भेगा ओलांडूनच माझ्याकडे यायची. पण मॉडेलमधली माती मात्र बारा महिने अखंड! भेग तिथे कोणी घातलीच नव्हती.

"आता ताण तोडतो. झाड कसं फुटते पाहाच!" केशव म्हणाला. त्याने हात सैल सोडून युरिया टाकला आणि मोटार सुरू केली. पाणी मुळांपाशी थांबलेच नाही. भेगांतून खत घेऊन धो धो खाली, मुरमातून थेट विहिरीकडे गेले. माझे पोट विषाने भरले.

माझ्या पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा पाहून मिनल चरकली. तिने आपले मार्गदर्शक मनोहरराव सरांना फोन लावला.

"काहून घाबरून राहिली?" सर हसले. "नळी फुटली असंल. तो आकडा सोडून दे."

तिने माझ्या जमिनीवर उरलेल्या टोकावर खडूने 'फुटकी' लिहिले.

केशवची लेक अबोली बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दूध पुरेना, म्हणून बाळाला डब्याची पावडर चालू होती. तिची आई यमुताई बागेत मिनलला विचारायला आली, "हिरीचं पाणी बाळाले चालते काय वं?"

मला तोंड असते, तर मी ओरडले असते.

"दहा वर्षं तरी काही भीती नाही, मावशी," मिनल म्हणाली. "उकळून द्या म्हणजे झालं."

यमुताई जिवाला जपणारी बाई. ती पाणी एकदा नाही, दोनदा उकळायची, पार अर्धे होईपर्यंत. मित्रांनो, उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटते तसे ते दाट होते. तान्ह्या बाळाच्या रक्तातला श्वासच ते हिरावून घेते.

एका सकाळी बाळाचे ओठ जांभळे पडले. नागपूरला नेताना हिंगण्याच्या रस्त्यावर कंपन्यांची पाळी सुटली होती. बसगाड्यांच्या गर्दीत, आजीच्या मांडीवरच बाळ गेले. नंतर डॉक्टरांनी विहिरीचे पाणी तपासायला लावले, तेव्हा नायट्रेट सापडले. यमुताईला मात्र एवढेच कळले, की पाणी वाईट होते.

मिनलने मला उपटून काढले, पेल्याची माती धुतली आणि मला उजेडात धरून फिरवून पाहिले. कुठेही साधा तडा नव्हता.

तेवढ्यात यमुताई आली. "माह्याच हातानं झालं वं, पोरी," ती म्हणाली. "मीनंच पाणी कमी उकळलं असंल."

मिनलने मला खांद्यावर टाकले. यमुताईकडे न पाहता ती निघून गेली. आता मी कॉलेजच्या माळ्यावर धूळ खाते. खडूची अक्षरे अजून पुसलेली नाहीत.

मला पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. घरात तान्हे बाळ असेल, तर आधी पाणी तपासून घ्या, आणि नावडता आकडा सांगणाऱ्याला फुटका म्हणू नका. यमुताईला खरे काय ते कोणीतरी सांगावे, असे मला फार वाटायचे. आता वाटते, नकाच सांगू. कमी उकळल्याचे दुःख ती कसेबसे सोसते आहे. जास्त उकळल्याचे तिला सोसणार नाही.