आतल्या बाजूची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम टीव्हीखालच्या खणात आहे. शेजारी संपलेले सेल, गंजलेला पाना आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली. असल्या संगतीची मला सवय नव्हती. मी मुळात मानाची.

वितळलेले पितळ साच्यात ओतून मला घडवले. एका कारागिराने कानशीने माझे काठ गुळगुळीत केले, कुणाचे बोट कापू नये म्हणून. दुकानातून सुताराने मला उचलले आणि एका मुलीच्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूने, चार स्क्रूंनी पक्के बसवले. दोनदा ओढून पाहत तो तिच्या बाबांना म्हणाला, "साहेब, दार मोडेल, पण ही सुटायची नाही." ते बोल मी वर्षानुवर्षे मिरवले.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. लहानपणी टाचा उंचावूनही तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मोठी झाल्यावर ती मला लावू लागली. आत चाले ते साधेच. आरशासमोर वेडावणे, कंगवा तोंडाशी धरून गाणे, राग आला की उशीला बडवणे. मी त्यातले अवाक्षर बाहेर जाऊ दिले नाही.

मग बाबांनी स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना तिला दिला. "अभ्यासापुरता वापर," आईने बजावले. अभ्यासापुरता म्हणजे किती, ते कुणी ठरवले नाही. खरे सांगते, मला त्या फोनचा राग यायचा. मला लावून ती एकटी बसे आणि त्याच्याशीच हसे.

त्याच वर्षी तिच्या डोक्याला चाई लागली. केस पुंजक्यांनी गळून टाळूवर गोल गोल डाग पडले. तिने घरात ब्र काढला नाही. आईला सांगितले की आई मावशीला सांगणार, आणि मावशीला सांगितले की झालेच. म्हणून ती मला लावायची, मान वाकवून डोक्याचे फोटो काढायची आणि केस परत येतात का, ते जुन्या फोटोंशी ताडून पाहायची. मग उरलेले केस डागांवर ओढून, वर रुंद पट्टा लावून हसत बाहेर जायची. हे फक्त मला आणि फोनला ठाऊक होते.

एका सुट्टीच्या दिवशी आत्या मुलाला घेऊन आली. भिंगरीच्या खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे बाहेरची खोली मला दिसत होती. बाबा कौतुकाने सांगत होते, "टीव्ही रिकामा असला ना, की आपलेच फोटो दाखवतो. कालच जोडला." सहलीचा फोटो आला, आजोबांचा आला. आणि मग भिंतभर एक डोके आले, मधोमध उघडा डाग.

"अगं बाई, हे कुणाचं?" आत्याने विचारले. पुढच्या फोटोत आरशातला भिंगरीचा चेहरा होता.

बाबा रिमोट शोधू लागले. फोटो आपले सावकाश बदलतच राहिले. "तो जुना फोन माझ्याच अकाउंटवर राहिला वाटतं," ते पुटपुटले. मी घट्ट लागलेली असताना तिने जे जे टिपले, ते सगळे आपोआप बाबांच्या खात्यात जात होते. माझ्या बाजूने काही फट नव्हती, मित्रांनो.

आत्याचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात. त्याने स्वतःचा फोन वर धरला. चहा निवायच्या आत ते डोके वर्गाच्या ग्रुपवर पोहोचले. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती आली ती धावतच, आणि तिने मला लावले.

आईने हाका मारल्या. दार उघडले नाही. बाबांनी दाराला खांदा लावला. "भिंगरे, उघड बाळा. कुणी रागावणार नाही." सुताराचा शब्द खरा ठरला, मी सुटले नाही. पण त्या दिवशी प्रथमच मला वाटले, सुटावे. अखेर तिनेच मला सरकवले. तिच्या हातात कात्री होती आणि सगळे केस फरशीवर पडले होते.

बाबांच्या काळजाचे पाणी झाले. पेचकस आणून त्यांनी माझे चारही स्क्रू काढले आणि मला या खणात टाकले. आत्याच्या मुलाला कुणी जाब विचारला नाही. "लहान आहे, गंमत केली," आत्या म्हणाली. टीव्ही जागच्या जागी राहिला. शिक्षा झाली ती मला आणि भिंगरीला.

तेव्हापासून ती शाळेतून आली की खुर्ची फरफटत दाराला लावते. माझे काम ती खुर्ची करते. कुणी आले की दार ढकलते आणि खुर्ची करकरत मागे सरते. टकटक कुणी करत नाही.

मित्रांनो, मी धातूचा एक तुकडा, मला फार कळत नाही. तरी हात जोडून मागते. आपला फोन दुसऱ्याला देताना त्यातून आपले खाते काढा. दुसऱ्याचे उघडे पडलेले काही दिसले, तर फोन खाली ठेवा आणि नजर वळवा. आणि दार उघडे असले तरी आधी विचारा, "येऊ का?"

हे मला भिंगरीच्या बाबांना सांगायचे होते. पण आज सकाळी त्यांनी ती खुर्चीही बाहेर आणून टीव्हीसमोर ठेवली.