तोंका आजीच्या पायऱ्या

"चालू शॉट टाकून कॉफीला जायचं नाही," असं बार्बा फ्राने यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बार्बा म्हणजे काका. ते मूळचे बेटावरचे, कॅमेऱ्यामागे केस पिकवलेले, म्हणून अख्खा स्टुडिओ त्यांना तसंच म्हणतो. झाग्रेबमध्ये कॉफी ही पिण्यापेक्षा बसण्याची गोष्ट आहे. एकदा बूड टेकलं की दुपार कलते. मी हसून मान हलवली आणि विसरून गेले. गंमत अशी, की त्या शुक्रवारी मला कॉफीला उठवलं ते बार्बांनीच.

आमचा सिनेमा वाळूचा. खालून उजेड सोडलेली काच, काचेवर वाळूचा थर, वर कॅमेरा. बोटांनी वाळू केसभर सरकवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायची. आधीचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही, त्यामुळे मागे फिरायची सोय नसते.

गोष्ट होती तोंका आजीची. ती मासे विकते, आणि समुद्र तिच्या घरात शिरतो. आजी काही घाबरत नाही. खुर्ची टेबलावर ठेवते, टेबल पलंगावर, आणि स्वतः सगळ्यांच्या वर चढून मासे साफ करत बसते. शेवटी पाणी छताला लागतं आणि तिचा रुमाल तेवढा तरंगत राहतो. मला तो शेवट फार खोल वाटायचा. माझ्या पाच वर्षांच्या नेवाला मात्र तो ऐकून सूप गिळवेना.

"तिला पोहता येतं का?" तिने विचारलं.

नाही, म्हटलं.

"मग तू तिला का बुडवतेस?"

सिनेमा आहे गं, म्हटलं. हे काही उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या शुक्रवारी बालवाडीचा नळ फुटला आणि सुट्टी मिळाली, म्हणून नेवा माझ्याबरोबर स्टुडिओत आली. सोमवारी सिनेमा महोत्सवाकडे द्यायचा होता आणि शेवटचा शॉट अर्ध्यावर होता: पाणी खिडकीला लागलेलं, आजी खिडकीत. नेवा शेजारच्या खोलीत सोफ्यावर झोपली. मी तिचं कपाळ चाचपलं, मग पुन्हा चाचपलं. बार्बा दारातून म्हणाले, दोन घोट घेऊ, बोटं तरी सैल होतील तुझी.

स्वयंपाकघरातून सोफा दिसतो. मी मुद्दाम तिकडे तोंड करून बसले. सोफ्याच्या हातावर तिचे लाल मोजे दिसत होते.

"पोरी, मान लचकेल तुझी," बार्बा म्हणाले. "लेकरू झोपलंय, जहाजावर नाही चढलेलं."

मी सांगितलं की मोजे दिसताहेत, तोवर मला काळजी नाही. ते म्हणाले, तुझं काळीज सशाचं आहे. मग त्यांच्या गुडघ्यांचा विषय निघाला, मग महोत्सवाचा, आणि कपाच्या तळाशी गाळ सुकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मोजे हललेच नाहीत. माझी मुलगी झोपेत लाथा झाडते.

जाऊन बघते तर सोफ्यावर नुसते मोजे.

नेवा काचेपाशी स्टुलावर अनवाणी उभी होती, जीभ बाहेर काढून, एका बोटाने. आजीच्या खिडकीपासून चित्राच्या वरच्या काठापर्यंत उजेडाची नागमोडी वाट पडली होती.

"आई, तिला पायऱ्या केल्या," ती म्हणाली. "मोज्यांनी घसरायला होत होतं."

मी आधी तिचे डोळे बघितले, वाळू गेली नाही ना. मग काच. बार्बांनी छातीवर क्रूस काढला. मी कुंचल्याने वाट बुजवायला घेतली, पण जेवढी बुजवली तिथेच वाळू विरळ बसली आणि आभाळावर पांढुरका व्रण उमटला. शॉट पहिल्यापासून करायचा तर महिना हवा, आणि हातात होते दोन दिवस. सिनेमा शेवटाविना जाणार, म्हणजे जाणारच नाही.

शेवटचं टिपलेलं चित्र तरी बघू, म्हणून मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळले.

"बार्बा, ती वर बघतेय."

पाणी छताला लागताना दिसावं म्हणून आजीची मान मीच सकाळी वर केली होती. आता काचेवर ती बरोबर नेवाच्या पायऱ्यांकडे बघत होती. जणू सकाळपासून वाट बघत असावी.

बार्बांनी चष्मा पुसून पाहिलं. "मग चढव की तिला," ते म्हणाले. "बुडवायची तर फार घाई होती तुला."

पुढचे दोन दिवस मी जमिनीवर नव्हतेच. पायऱ्या हळूहळू उगवायला हव्यात असं मला आधी वाटलं, पण नेवाच्या बोटाने ते ठरवूनच टाकलं होतं: क्षणापूर्वी काळं आभाळ, आणि एकदम जिना. मदत अशीच येते, विचारून येत नाही. नेवा शेजारी उभी राहून हुकूम सोडत होती. आजीला टोपली घेऊ दे. चपला नकोत, त्या बुडाल्या. बार्बा म्हणाले, माझ्या वयाची बाई इतक्या पायऱ्या एका दमात चढत नसते. म्हणून आजी मध्येच बसली, परकर पिळला, एक मासा सीगल पक्ष्याला दिला, दोन्ही गुडघ्यांना शिवी दिल्यासारखं तोंड केलं आणि पुन्हा निघाली. वरच्या काठापलीकडे सगळ्यात शेवटी गेली तिची ओली टाच.

जूनमध्ये मोठ्या पडद्यावर ती टाच दिसेनाशी झाली आणि सभागृहात आधी कोणीतरी हसलं, मग टाळ्या फुटल्या. बार्बा नाक शिंकरत होते. नेवा खुर्चीवर उभी राहून सगळ्यांना सांगत होती की पायऱ्या तिच्या आहेत. मी एका हाताने तिला धरलं होतं, पडेल म्हणून.

ट्राममध्ये तिने विचारलं, "आता ती कुठंय?"

सिनेमा संपला, म्हटलं.

"ती तर वर गेली. वर कोण राहतं?"

तेव्हापासून माझ्याही जिवाला घोर लागलाय. ओल्या कपड्यांनी गेली आहे, पायात काही नाही. म्हणून तुम्हाला विचारते: तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी म्हातारी एकटी राहत असेल, तर जरा जाऊन बघाल का? जिन्यावर वाळू दिसली तर तीच. जेवलेय असं म्हणेल. तिचं ऐकू नका, आत जाऊन बघा.